अनाकिन, ईडिपस आणि आधीच फुटलेला शेवट

सांजवेळ

परवा रात्री झोप येईना म्हणून 'स्टार वॉर्स'चा तिसरा भाग पुन्हा लावला, 'रिव्हेंज ऑफ द सिथ'. मे २००५ मध्ये हा आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. थेटरातून बाहेर पडल्यावर आमच्या टोळक्यानं टपरीवर तासभर त्यातल्या प्रेमसंवादांची टर उडवली होती. संवाद आजही तसेच आहेत, ओल्या लाकडासारखे, धूर होतो पण पेटत नाहीत. मधल्या काळात मात्र लॉकडाउनच्या कृपेनं ग्रीक नाटकं वाचायचा नाद लागला होता, त्यामुळे ह्यावेळी सिनेमा वेगळाच दिसला.

हे लिहायला घेतलं तेव्हा सवयीनं वर 'स्पॉयलर आहेत, जपून' असं टंकलं आणि मग खोडलं. कसला स्पॉयलर? गोष्टीतले ४ ते ६ भाग आधी आले, १ ते ३ नंतर, आणि काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर नायक ल्यूकला 'मीच तुझा बाप' हे १९८० सालीच सांगून बसलाय. म्हणजे २००५ मध्ये तिकीट काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक होतं की अनाकिन नावाचा हा देखणा, तापट, बायकोवर जीव टाकणारा पोरगा शेवटी काळ्या मुखवट्यात जाणार आणि त्याची पोरं दोन वेगळ्या घरांत वाढणार. शेवट फुटलेलाच होता. जॉर्ज लुकासला फक्त तिथवर कसं जायचं ते दाखवायचं होतं.

अथेन्सच्या प्रेक्षकाचंही असंच होतं. ईडिपसनं बापाला मारलं आणि आईशी लग्न केलं ही गोष्ट त्यांना आधीपासून माहीत. ते नाटक लिहिणाऱ्या सोफोक्लिसला रहस्य विकायचंच नव्हतं. रंगमंचावरचा राजा ईडिपस गरजतो की आधीच्या राजाच्या, लायसच्या खुन्याला मी हुडकून काढीन, त्याचं वाटोळं होवो, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तो शाप कुणाला लागणार हे राजा सोडून सगळ्यांना कळलेलं असतं.

आता अनाकिन. तो जेडाय आहे, म्हणजे 'फोर्स' नावाची शक्ती वापरणारा योद्धा. त्याला स्वप्न पडतं की बायको पॅडमे बाळंतपणात मरते. आईबद्दलही अशीच स्वप्नं पडली होती, ती खरी झाली, आणि हा पोचला तेव्हा उशीर झाला होता. त्यामुळे ह्या खेपेला तो हातावर हात ठेवून बसणार नाही. म्हाताऱ्या जेडाय गुरूकडे, योडाकडे जातो, पण लग्न चोरून केलेलं, म्हणून कुणाबद्दल विचारतोय ते सांगत नाही. योडा म्हणतो, जे गमवायची भीती वाटते ते सोडून द्यायला शीक. बरोबरच असेल. पण होऊ घातलेल्या बापाला हे सांगणं म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या माणसाला 'सगळं वरच्याच्या हातात' म्हणणारे काका भेटावेत तसं. मग पॅलपटीन, म्हणजे राज्याचा प्रमुख आणि आतून जेडायचा वैरी असलेला सिथ, त्याला ऑपेराला बोलावतो आणि डार्थ प्लेगसची कथा सांगतो: आपल्या माणसांना मरणापासून वाचवायची विद्या त्याला येत होती म्हणे. आणि ती जेडायकडून शिकायला मिळायची नाही.

तिथून पुढे तिला वाचवायला टाकलेलं प्रत्येक पाऊल तिला मारायच्या दिशेनं पडतं. लायसनं मूल डोंगरावर टाकायला दिलं, म्हणूनच मोठेपणी त्या मुलाला बाप ओळखू आला नाही. भविष्य टळावं म्हणून ईडिपस कोरिंथकडे फिरकला नाही, म्हणूनच तिठ्यावर त्याची लायसशी गाठ पडली. अनाकिन पॅडमेसाठी सिथ झाला नसता, तर मुस्तफार ह्या लाव्हाच्या ग्रहावर तिचा गळा आवळायला तिथे कुणी नसतंच.

माझं म्हणणं एवढंच की लेखन कच्चं आहे, पण आतला सांगाडा अस्सल शोकात्मिकेचा आहे, आणि पूर्वकथा असल्यामुळेच तो तसा झालाय. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दुसऱ्या भागातला तो वाळूवाला प्रेमसंवाद कुणी काढला तर धागा सोडून जाईन.

मिरजकर

छान लिहिलंय ताई. पण ह्यात ग्रीक काय आहे? आपला कंस बघा. आकाशवाणी झाली, आठवा मुलगा मारणार. मग देवकीला कोंडलं, पोरं मारली, आणि त्या कोंडण्यातूनच कृष्ण गोकुळात सुखरूप जाऊन वाढला. कंस गप्प बसला असता तर भाच्याला मामाशी वैर धरायचं कारणच नव्हतं. आमच्या आजीनं हे गोकुळाष्टमीला सांगितलं होतं, त्याला सोफोक्लिस लागला नाही.

सांजवेळ

मिरजकर, यंत्र तेच आहे, मान्य. पण कंसाबद्दल तुमच्या आजीला कधी वाईट वाटलं का हो? आपण पहिल्यापासून कृष्णाच्या बाजूनं बसलेलो असतो. कंस स्वतःचा जीव वाचवतोय, अनाकिन दुसऱ्याचा. तिथे फरक पडतो.

अनुस्वार

थोडा कीस काढतो, सवय आहे.

ॲरिस्टॉटलनं 'काव्यशास्त्रा'त नायक कसा असावा ते सांगितलंय. अगदी सज्जन नको, कारण त्याची दुर्दशा बघून किळस येते. दुष्ट तर नकोच, कारण त्याच्या पतनाची कीव येत नाही. मधला माणूस हवा, जो काही 'हामार्तिया'मुळे पडतो. विंदा करंदीकरांचं 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७) कपाटात असेल तर तेरावं प्रकरण काढा. ह्या शब्दाला शाळा-कॉलेजात 'स्वभावदोष' म्हणून शिकवतात आणि मग विद्यार्थी हॅम्लेटचा दोष दिरंगाई, अमक्याचा दोष अहंकार, अशा जोड्या लावत बसतात. पण मूळ धातूचा अर्थ नेम चुकणं. होमरमध्ये फेकलेला भाला लागत नाही तेव्हा तेच क्रियापद येतं. म्हणजे माणूस वाईट असायची गरज नाही, अंदाज चुकला तरी पुरे.

ह्या मापानं अनाकिनची हामार्तिया राग नव्हे. राग सगळ्यांना दिसतो, लुकासनं तो चांगला ठळक रंगवलाय. खरी चूक म्हणजे त्यानं स्वप्नाचा अर्थ लावला. पॅडमे मरते एवढंच त्याला दिसलं, कशानं मरते ते त्यानं गृहीत धरलं.

रानमांजर

अनुस्वार, नेम चुकण्यावरून अंगावर काटा आला. दशरथ!

शब्दवेधी बाण. अंधारात नदीवर घडा भरल्याचा आवाज, त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय, आणि लागला मुनीच्या पोराला. हामार्तिया शब्दशः! आंधळ्या म्हाताऱ्याचा शाप: तूही पुत्रशोकानं मरशील. आणि वाल्मीकींनी हे कुठे सांगितलंय बघा. सुरुवातीला नाही. राम वनात गेल्यावर, अयोध्याकांडात, दशरथ मरणाच्या रात्री कौसल्येला सांगतो. इतकी वर्षं तो प्रसंग जणू विसरलेला, आणि शाप फळायच्या घटकेला आठवतो. एखादा ग्रीक नाटककारही तो प्रसंग तिथेच ठेवता.

कालिदासानं तर वरताण केलीय. 'रघुवंशा'त दशरथाला तोवर मूल नाही, म्हणून तो म्हणतो की हा शाप म्हणजे माझ्यावर अनुग्रहच, कारण पुत्रशोक व्हायला आधी पुत्र तर व्हायला हवा. भविष्यवाणी ऐकून खूश होणारा माणूस! अनाकिनलाही लहानपणी असंच सांगितलेलं असतं ना, तू फोर्समध्ये संतुलन आणणार म्हणून?

टवाळ

आणलं की. हजारो जेडाय आणि दोन सिथ होते, सिनेमा संपताना ठळक उरले योडा, अनाकिनचा गुरू ओबीवान, पॅलपटीन आणि व्हेडर. दोन आणि दोन. हिशोब चोख.

अनुस्वार

टवाळ चेष्टेत बोलून गेले, पण ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातली भविष्यवाणी नेमकी अशीच असायची. हिरोडोटसनं सांगितलेला क्रीसस आठवा. लिडियाच्या ह्या श्रीमंत राजानं विचारलं, पर्शियावर चालून जाऊ का. उत्तर आलं, गेलास तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. तो गेला, साम्राज्य नष्ट झालं, त्याचंच. योडाही एका प्रसंगात म्हणतो की भाकिताचा अर्थ चुकीचा लावला गेला असेल. पण म्हणून पुढे काही करत नाही. जेडायही नेम चुकलेलेच.

खारेदाणे

मला हे ईडिपस प्रकरण पटलेलं नाही. स्पष्टच लिहिते.

ईडिपसला माहीत नव्हतं. तिठ्यावरचा म्हातारा आपला बाप आहे हे माहीत नसताना त्यानं मारलं. त्याचं मोठेपण असं की माहीत नसलेलं तो स्वतः खणून काढतो. योकास्ता, त्याची बायको (आणि आई), विनवते, नको विचारूस. तो धनगराला दरडावून बोलतं करतो. सत्य कळावं म्हणून स्वतःचं घर जाळणारा माणूस आहे तो.

अनाकिनला सगळं दिसतंय! जेडाय गुरू मेस विंडूचा हात तोडल्याबरोबर तो स्वतःच म्हणतो, मी हे काय केलं. म्हणजे जाणीव झाली. आणि पुढच्या मिनिटाला गुडघे टेकतो, आणि मग जेडाय मंदिरात जाऊन लहान पोरं कापतो. हा मॅकबेथ आहे. शिरवाडकरांचा 'मॅकबेथ'वरून केलेला 'राजमुकुट' पाहिला-वाचला असेल त्यांना कळेल. मॅकबेथनंही मॅकडफची बायकापोरं मारून घेतली. पहिला खून करताना हात थरथरतो, मग रक्तात इतका आत जातो की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच अवघड होतं. आणि पॅलपटीन म्हणजे तीन चेटकिणी एका झग्यात. ऑपेराच्या त्या दृश्यात इयन मॅकडिअर्मिड किती हळू बोलतो बघा. सगळ्या सिनेमात तेवढंच दृश्य मला परत परत बघावंसं वाटतं.

मॅकबेथची शोकांतिका नियतीची नाही, लोभाची आहे. फक्त इथे लोभ सिंहासनाचा नसून एका माणसाचा आहे.

सांजवेळ

खारेदाणे, हे वाचून काल रात्री मंदिरावरचा हल्ला परत पाहिला. तुमचं बरंचसं बरोबर आहे. पोरं मारल्यावर मला त्याची कीव येणं थांबतं, आणि ईडिपसची कीव शेवटपर्यंत थांबत नाही. मग मी असं म्हणते: सांगाडा ईडिपसचा, त्यावरचं मांस मॅकबेथचं. आणि मुस्तफारवर थोडा ऑथेल्लोही आहेच. जहाजाच्या दारात ओबीवान दिसतो, 'तूच ह्याला आणलंस', आणि गळा. 'ऑथेल्लो'वरून केलेल्या देवलांच्या 'झुंझारराव'मध्ये रुमाल होता, इथे जहाज आहे.

पावशेर

मी व्यवसायानं स्त्रीरोगतज्ज्ञ. चर्चा उच्च चाललीय, पण मला त्या प्रसूतीबद्दल बोलू द्या, वीस वर्षं पोटात ठेवलंय.

प्रकाशाच्या वेगानं उडणारी जहाजं आहेत, तुटलेल्या हाताच्या जागी बोटं हलवणारा यांत्रिक हात बसतो, आणि ह्या बाईला जुळं आहे हे प्रसूतीच्या टेबलावर कळतं? सगळा सिनेमाभर नवरा-बायको 'बाळ' असं एकवचनी बोलतायत. साधी सोनोग्राफी नाही? आपल्याकडचा १९९४ चा कायदा तिकडेही लागू असेल म्हणावं, तर तो मुलगा की मुलगी सांगायला बंदी करतो, किती आहेत ते सांगायला नाही!

आणि मग तो यंत्रमानव डॉक्टर म्हणतो, वैद्यकीयदृष्ट्या ठणठणीत आहे, पण जगायची इच्छा संपली. मी असं प्रमाणपत्रावर लिहून दिलं तर?

टवाळ

डॉक्टर, दंडवत.

खारेदाणे

पावशेर, हसून हसून पुरेवाट. पण तुमच्या ह्या तक्रारीतून एक मजेशीर गोष्ट निघते. तिचा गळा आवळला तरी ती त्यानं मेली नाही. बाळंतपणानंही मेली नाही. मग मुखवटा बसवल्यावर व्हेडर विचारतो, पॅडमे कुठे आहे, सुखरूप आहे ना, तेव्हा पॅलपटीन सांगतो की रागाच्या भरात तूच तिला मारलंस. ग्रीक नाटकात हा ओळख पटण्याचा क्षण. ॲरिस्टॉटलला ओळख आणि उलथापालथ एकाच वेळी झालेली आवडते, ईडिपसमध्ये होते तशी. पण तिथे निरोप आणणारा दूत भला माणूस आहे, कोरिंथहून आनंदाची बातमी घेऊन आलाय. इथे सत्य सांगणारा अट्टल लबाड आहे, आणि ते सत्यही धड सत्य नाही. व्हेडर पुढची वीसेक वर्षं ज्या ओझ्याखाली जगतो ते एका खोटारड्यानं बांधून दिलेलं आहे. आता मला मॅकबेथवर परत विचार करावा लागणार, श्या.

लेझीम

संगीताबद्दल कुणीच कसं बोललं नाही? योडा आणि पॅलपटीनच्या लढतीत जे कोरस वाजतं ती 'ड्युएल ऑफ द फेट्स'ची धून. जॉन विल्यम्सनं ती मुळात १९९९ च्या भागासाठी केली. आणि त्या कोरसचे शब्द संस्कृत आहेत! एका जुन्या वेल्श कवितेतल्या ओळी इंग्रजीतून संस्कृतात आणल्या, आणि मग अक्षरं कानाला कशी लागतात त्याप्रमाणे मागंपुढं केली. त्यामुळे आपण कितीही कान टवकारले तरी अर्थ लागत नाही. माझ्या बाबांनी, म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षकांनी, तीनदा ऐकून 'विभक्ती सापडत नाहीये' असा शेरा मारला.

पण कोरस हे ग्रीक नाटकाचं हाडच. लुकासच्या कथेत माणसांचा कोरस नाही, तो ऑर्केस्ट्रात गेलाय असं मला वाटतं. तिथे उभं राहून रडायचं काम तोच करतो.

रानमांजर

आणि मुखवटा! ग्रीक नट मुखवटे घालूनच बोलायचे. १९७७ च्या व्हेडरमध्ये शरीर डेव्हिड प्राउजचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा. तिसऱ्या भागात मुखवटा खाली येताना एक क्षण कॅमेरा आतून बघतो, अनाकिनच्या डोळ्यांतून. आपण सगळे तेवढा वेळ आत असतो. मग खटका बसतो आणि तो श्वास सुरू होतो.

मिरजकर

मघाशी कंस आणला तो मागे घेतो. त्याऐवजी भासाचं 'ऊरुभंग' देतो.

संस्कृत नाटकात शेवट गोड करायची रीत, रंगमंचावर मरण दाखवायचं नाही असा नियम. भासानं तो बासनात गुंडाळला. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवर पडलाय. आईबाप येतात, आंधळा धृतराष्ट्र चाचपडत शोधतो. लहानगा दुर्जय येतो आणि नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला जातो, आणि दुर्योधनाला त्याला 'बसू नकोस' म्हणावं लागतं. आयुष्यभर खलनायक असलेला माणूस, पण त्या एका वाक्याला नाटक त्याच्या बाजूचं होतं.

लाव्हाच्या काठावर पाय गेलेला अनाकिन बघताना मला तेच आठवलं. फरक असा की भासाच्या दुर्योधनाला शहाणपण येतं, तो वैर संपवायला सांगतो. अनाकिन ओबीवानला ओरडून सांगतो की मी तुझा द्वेष करतो. त्याचं शहाणपण अजून तीन सिनेमे लांब आहे.

अनुस्वार

मिरजकर, ह्या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला. ते 'तीन सिनेमे लांब' मात्र महत्त्वाचं आहे. १९८३ च्या भागात व्हेडर सम्राटाला, म्हणजे पॅलपटीनला, उचलून खाईत फेकतो आणि पोराला वाचवतो, म्हणून काही जण म्हणतील ही शोकात्मिकाच नव्हे. पण इस्किलसची 'ओरेस्तेइया' (इ.स.पू. ४५८) बघा. पूर्ण टिकलेली तेवढीच एक ग्रीक त्रयी, आणि तिचा शेवट रक्तपातात नाही, अथेन्सच्या न्यायसभेत समेटानं होतो. पिढ्यान् पिढ्या चाललेला सूड तिथे थांबतो. इथेही ल्यूक बापाला मारायचं नाकारतो, म्हणून थांबतो.

लेझीम

मग प्रश्न क्रमाचा. मुलांना दाखवायचं तर कुठून सुरुवात? आले त्या क्रमानं, १९७७ पासून, की गोष्टीच्या क्रमानं, १ ते ६? आमच्या घरी ह्यावरून दोन तट आहेत.

खारेदाणे

आले त्या क्रमानं! नाहीतर १९८० चा धक्का फुकट जातो. तो धक्का एकदाच मिळतो आयुष्यात.

सांजवेळ

मी दुसऱ्या तटात. १९७७ पासून बघितलं तर ती रहस्यकथा होते. पहिल्या भागापासून बघितलं तर ल्यूक व्हेडरवर चालून जातो तेव्हा तिठ्यावरच्या ईडिपसकडे बघावं तसं आपण बघतो. सगळं ठाऊक, फक्त त्यालाच नाही.

शिवाय धक्का उरलाय कुठे? माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, एकही भाग पाहिलेला नव्हता. गेल्या शनिवारी लावायच्या आधी विचारलं, काय माहितीय तुला ह्याबद्दल? म्हणाला, 'व्हेडर ल्यूकचा बाबा असतो.' कुठून कळलं तर वर्गातल्या कुणाच्या तरी टी-शर्टवरून.

मग पहिला भाग लावला. त्यातला अनाकिनही नऊ वर्षांचाच. हा पुढे सरकून बसला, म्हणाला, 'हाच का तो?' हो म्हटलं. अनाकिन पॉडरेसची शर्यत जिंकल्यावर ह्यानं सोफ्यावर उड्या मारल्या. अनाकिन आईला सोडून निघतो तिथे हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी दुसरा भाग लावायला गेले तर रिमोट काढून घेतला.

'दुसरा नको. हाच परत लाव.'

आत्तापर्यंत तीनदा झालाय. ह्या शनिवारीही तोच आहे.